स्वतःच्या अंगणातील ध्वज

अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा विचार बहुधा शब्दांच्या अंगाने होतो. पुस्तकावरील बंदी, रोखलेला नाट्यप्रयोग, भाषणावरून भरलेला खटला ही त्याची परिचित उदाहरणे होत. परंतु एकही शब्द न उच्चारता माणूस आपली बाजू जगापुढे मांडू शकतो, आणि ध्वज हे त्याचे फार जुने साधन आहे. अशा निःशब्द कृतीला कायद्याच्या परिभाषेत प्रतीकात्मक अभिव्यक्ती म्हणतात, म्हणजे जिच्यातून करणाऱ्याला काही सांगायचे असते आणि पाहणाऱ्याला ते उमगण्याचा संभव असतो अशी कृती. इतरांना खुपणारा ध्वज स्वतःच्या घरावर लावण्याचा हक्क हा या विषयातील सर्वांत अवघड भाग असून, अमेरिकेतील न्यायालयांनी तो वारंवार तपासला आहे. अभिव्यक्तीला वाहिलेल्या या दिवाळी अंकाच्या आरंभी म्हणूनच त्या इतिहासाकडे वळणे योग्य ठरेल.

संघटित शासनाच्या विरोधाचे चिन्ह म्हणून लाल ध्वज फडकवणे हा कॅलिफोर्नियात १९१९ पासून गुन्हा होता. मुलांच्या उन्हाळी शिबिरात तसा ध्वज उभारणाऱ्या १९ वर्षांच्या युवतीची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९३१ मध्ये रद्द केली. घराचा प्रश्न थेट पुढे आला तो ‘स्पेन्स विरुद्ध वॉशिंग्टन’ या खटल्यात. अमेरिकी सैन्याची कंबोडियातील घुसखोरी आणि केंट स्टेट विद्यापीठातील गोळीबारात झालेले ४ विद्यार्थ्यांचे मृत्यू यांच्या निषेधार्थ सिॲटलमधील एका विद्यार्थ्याने मे १९७० मध्ये आपल्या राहत्या जागेच्या खिडकीतून राष्ट्रध्वज उलटा टांगला होता आणि सहज निघणाऱ्या काळ्या चिकटपट्टीने त्यावर शांततेचे चिन्ह केले होते. ध्वज त्याच्या मालकीचा होता, जागा खाजगी होती आणि शांततेचा भंग झाला नव्हता, या बाबी विचारात घेऊन न्यायालयाने १९७४ मध्ये त्याची शिक्षा रद्दबातल केली.

घरालाच एवढे महत्त्व का, याचे उत्तर २० वर्षांनी मिळाले. सेंट लुईसजवळील लाड्यू या नगराने घरांपुढील बहुतेक फलकांवर बंदी घातली होती, आणि आखाती युद्धाविरुद्ध खिडकीत कागदाएवढा फलक लावणाऱ्या रहिवासी स्त्रीने त्या बंदीला आव्हान दिले होते. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी १९९४ च्या एकमुखी निर्णयात दाखवून दिले की घरावरील फलक स्वस्त असतो, त्याला दुसरा पर्याय नसतो आणि मुख्य म्हणजे तो बोलणाऱ्याची ओळख सांगतो. तोरण आणि आकाशकंदील लावून दिवाळीत घर जसे रस्त्याशी बोलते, तसेच ते मतभेदही बोलून दाखवते. आणि ज्याला वर्तमानपत्रात जागा नाही, व्यासपीठ नाही, त्याच्याजवळ पुष्कळदा एवढेच साधन उरते.

ध्वज द्वेषाचा असेल तेव्हा मात्र हे तत्त्व कसोटीला लागते. गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेच्या सैन्याचा ध्वज साउथ कॅरोलायनाच्या विधानभवनाच्या घुमटावर १९६१ मध्ये चढला, २००० मध्ये तो आवारातील स्मारकापाशी आला आणि चार्ल्सटनच्या चर्चमध्ये ९ कृष्णवर्णीय उपासकांची हत्या झाल्यानंतर जुलै २०१५ मध्ये आवारातूनही हटवला गेला. हे हटवणे सर्वथा न्याय्य होते, कारण विधानभवन सर्व नागरिकांच्या वतीने बोलते आणि ज्यांच्या पूर्वजांना विकले गेले त्यांच्या नावाने तो ध्वज फडकवण्याचा अधिकार कोणत्याही सरकारला नाही. तोच ध्वज एखाद्याने स्वतःच्या अंगणात लावला तर तो केवळ त्याचा स्वतःचा उद्गार ठरतो; शेजाऱ्याला होणारी वेदना खरी असते, ती गंभीरपणे घेतली पाहिजे, तरीही त्या वेदनेच्या आधारे पोलिसांना अंगणात पाठवणे घातक आहे, कारण तोच आधार उद्या शेजाऱ्याच्या ध्वजाविरुद्धही वापरता येईल.

याचा अर्थ अंगणाच्या आत सर्व काही क्षम्य आहे असा नव्हे. २००३ मधील ‘व्हर्जिनिया विरुद्ध ब्लॅक’ या खटल्यात दोन घटना एकत्र आल्या होत्या: एकीत कू क्लक्स क्लॅनने मालकाच्या संमतीने त्याच्या जमिनीवर क्रूस जाळला होता, तर दुसरीत कृष्णवर्णीय शेजाऱ्याच्या अंगणात क्रूस जाळण्याचा प्रयत्न झाला होता. भयभीत करण्याच्या हेतूने केलेली कृती राज्य दंडनीय ठरवू शकते, मात्र केवळ क्रूस जळाला यावरून तो हेतू गृहीत धरता येत नाही, अशी भूमिका न्यायमूर्ती ओ’कॉनर यांनी मांडली. जळत्या क्रूसामागे दहशतीचा एवढा इतिहास आहे की त्याला अभिव्यक्ती मानूच नये, असे तेव्हाचे एकमेव कृष्णवर्णीय न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांचे भिन्न मत होते. ते मत सहज बाजूला सारण्याजोगे नाही. तथापि शिक्षा भीती घालण्याला असावी, मताला नसावी, ही बहुमताची रेषा अधिक टिकाऊ वाटते.

मराठी वाचकाला हा प्रश्न परका नाही. नागपूरच्या १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात चरख्याचा ध्वज घेऊन सिव्हिल लाइन्सकडे निघालेले स्वयंसेवक तुरुंगात गेले; त्या काळच्या सत्तेच्या लेखी वादग्रस्त ध्वज तोच होता. स्वतंत्र भारतातही सामान्य नागरिकाला राष्ट्रध्वज वर्षभर लावण्याची मुभा दीर्घकाळ नव्हती. रायगढच्या कारखान्यावरील ध्वजाला अधिकाऱ्यांनी हरकत घेतल्यावर उद्योजक नवीन जिंदल न्यायालयात गेले, आणि सन्मानपूर्वक राष्ट्रध्वज फडकवणे हा घटनेच्या अनुच्छेद १९(१)(अ) खालील हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये मान्य केले. तो निर्णय राष्ट्रध्वजापुरता आहे. इतर ध्वजांबाबत अनुच्छेद १९(२) मधील वाजवी निर्बंधांचा, विशेषतः सार्वजनिक सुव्यवस्थेचा, विचार करावा लागतो. आणि तेथे निदर्शनांच्या धमकीपुढे नमून अभिव्यक्ती दडपता येणार नाही, तिचे रक्षण करणे हे राज्याचे कर्तव्य आहे, असे एका तमिळ चित्रपटाच्या संदर्भात १९८९ च्या रंगराजन खटल्यात याच न्यायालयाने सांगितले आहे. चित्रपटगृहाला मिळालेले हे संरक्षण घराच्या गच्चीलाही मिळाले पाहिजे, अशी या अंकाची भूमिका आहे.