खाऊचा कागद आणि इंजिन

अमेरिकेत डेटोनाला स्टॉक कारची ५०० मैलांची शर्यत असते. तिथे खाऊचा साधा कागदही गाडीला बाद करू शकतो! तो उडून पुढच्या जाळीला चिकटला की रेडिएटरला वारा मिळत नाही, पाणी उकळतं, इंजिन बसतं. मग ड्रायव्हर दुसऱ्या गाडीच्या अगदी मागे घुसतो. तिथे वाऱ्याचा जोर कमी, कागद गळून पडतो. आहे ना गंमत?

स्प्रिंग तुटली तर मात्र इलाज नाही. इंजिन मिनिटाला ९,००० गिरक्या घेतं, तेव्हा आतली प्रत्येक झडप सेकंदाला ७५ वेळा उघडते-मिटते. तिला मिटवते ती स्प्रिंग. ती थकून तुटली की झडप आत लोंबते, खालून पिस्टन आदळतो आणि मागे नुसता धूर! २०० पैकी १९९ फेऱ्या झालेल्या असल्या तरी.