संगजिऱ्याची धूळ

शहापूर किंवा मुरबाड तालुक्यातील एखाद्या पाड्यावर बाळंतिणीच्या भेटीस निघालेल्या बाईच्या पिशवीत पूर्वी डिंक आणि खारीक-खोबरे असे. आता त्यांच्या जोडीला सुगंधी पावडरीचा डबा असतो, आणि शेगडीच्या धुराने आधीच कोंदलेल्या त्या अरुंद खोलीत न्हाऊमाखू घातलेल्या अर्भकाच्या मानेवर व काखेत आजीबाई तो अशा सढळ हाताने झटकतात की, कौलातून उतरलेल्या कवडशात ती पांढरी धूळ कितीतरी वेळ तरंगत राहते. बाळ शिंकले की त्या कौतुकाने ‘शतंजीव’ म्हणतात.

ह्या पावडरीचा जुना मुख्य घटक म्हणजे संगजिरे, नखाने ओरखडावे इतके मृदू खनिज. गर्भिणीने ते निरोगी त्वचेवर लावल्यास गर्भापर्यंत वा दुधापर्यंत पोहोचते, असे मानण्यास आधार नाही. म्हणून सातव्या महिन्यातील सुनेने चेहऱ्यावर हलका हात फिरविला तर तिला बोल लावणाऱ्या सासूची वकिली मी करणार नाही. जे भय आहे ते श्वासावाटे आहे. संगजिरे पाण्यात विरघळत नाही. फुप्फुसात शिरलेली त्याची धूळ बारीक श्वासमार्ग कोंडते, आणि डबा तोंडावर उपडा होऊन अर्भके दगावल्याच्या नोंदी वैद्यकाच्या दप्तरी आहेत. उन्हाळ्यात घामोळ्यांसाठी छातीवर पावडर थापून आई मुलाला पदराखाली घेते, तेव्हा त्याचे नाक नेमके कोठे असते, हे सांगावयास वैद्य नको. शिवाय खाणीत संगजिऱ्याशेजारी कधीकधी ॲस्बेस्टॉसही सापडते. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2024 साली संगजिरे ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरविताना स्त्रियांच्या बीजकोशाच्या कर्करोगाचा मर्यादित पुरावा विचारात घेतला, तेव्हा बाळंतिणीने गुह्यांगाजवळ ते मुळीच वापरू नये.

सरकारने काहीच केले नाही असे नाही. आसनगावहून मुंबईस जाणारी लोकल ज्या मुलुंडवरून जाते, तेथील जॉन्सन अँड जॉन्सनच्या कारखान्याचा बेबी पावडरीचा परवाना राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर 2022 मध्ये रद्द केला. कारण पुणे व नाशिक येथे घेतलेल्या नमुन्यांचा सामू विहित मर्यादेपलीकडे भरला होता. परंतु नमुने 2018 सालचे! जानेवारी 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो हुकूम अवाजवी ठरवून रद्द केला, आणि मला तो निकाल रास्त वाटतो; चार वर्षे दप्तर दाबून ठेवणाऱ्या खात्याने अर्भकांच्या तातडीची सबब सांगू नये. तथापि तो सारा वाद सामूचा, म्हणजे कातडीच्या दाहाचा होता. धूळ त्यात आलीच नाही. पुढे कंपनीने संगजिरे सोडून मक्याचे पीठ घेतले. पण नाकात जाणारे पीठही धूळच की.

दवाखान्यातील प्रसूतीनंतर आशाताई बेचाळीस दिवसांत सहा वेळा घरी येतात, बाळाचे वजन करतात, अंग तापले आहे का पाहतात. त्याच वेळी त्यांनी फळीवरच्या डब्याकडे बोट दाखवावे, आणि धुऊन मऊ झालेल्या जुन्या लुगड्याच्या फडक्याने मानेच्या वळ्या टिपून दाखवाव्यात. डबा आणणाऱ्या पाहुणीचा मान राखणे प्राप्तच असेल, तर झाकण घट्ट लावून तो रांगत्या पोराचा हात पोहोचणार नाही इतक्या उंचीवर राहू द्यावा.