नेम डोळ्याचा, किंमत कानाची

नेमबाजी हा नजरेचा आणि हाताच्या स्थैर्याचा खेळ, अशी आपली समजूत आहे. मुलगा किंवा मुलगी रायफल क्लबात दाखल झाली की पालक तिचे डोळे तपासून घेतात, जाकीट आणि हातमोज्यांची चौकशी करतात. कानांची आठवण मात्र क्वचितच कोणाला होते. वास्तविक या छंदात हळूहळू, न दुखता आणि कायमचा निकामी होणारा अवयव कोणता असेल, तर तो कान होय.

हा विषय आता केवळ लष्करातील जवानांपुरता राहिलेला नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये जगज्जेत्या ठरल्या. राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक आणले. अशा यशाने मुलांचे पाय रेंजकडे वळतात, ही आनंदाची गोष्ट आहे. एन.सी.सी.च्या शिबिरांतही असंख्य मुलेमुली .२२ रायफल हाताळतात. म्हणूनच हा प्रश्न घराघरांतला आहे.

प्रथम आवाजाचा हिशेब पाहू. आपले साधे बोलणे सुमारे ६० डेसिबलचे असते. हे मोजमाप साध्या बेरजेचे नसते. दर १० डेसिबलला आवाजाची तीव्रता दहापट होते. जागतिक आरोग्य संघटनेने क्षणिक दणक्याची कमाल मर्यादा प्रौढांसाठी १४० आणि मुलांसाठी १२० डेसिबल सांगितली आहे. आता .२२ रायफलसारख्या लहान हत्याराचा आवाजही १४० च्या आसपास जातो, आणि बारा बोअरची बंदूक किंवा मोठे पिस्तूल १५० ते १७० पर्यंत पोचते. फटाक्याची वात पेटवून आपण चार पावले मागे पळतो. इथे बार होतो तो कानापासून दीड-दोन हातांवर, आणि तोही दिवसातून पन्नास-साठ वेळा. शेजारच्या नेमबाजांचे बार वेगळेच. बंदिस्त रेंजमध्ये भिंतींवरून परतणारा आवाज त्यात भर घालतो.

अंतर्कर्णात शंखाच्या आकाराचा एक अवयव असतो. त्यात आवाज टिपणाऱ्या सुमारे पंधरा हजार केशपेशी असतात. केस किंवा नखे पुन्हा वाढतात, या पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. इजा प्रथम उंच पट्टीच्या आवाजांना भोवते, म्हणून सुरुवातीला कळत नाही. घड्याळाची बारीक टिकटिक ऐकू येईनाशी होते, गर्दीत स, श, फ ही अक्षरे निसटू लागतात. माणूस म्हणतो, "लोक हल्ली पुटपुटतात." उजव्या खांद्यावरून रायफल चालविणाऱ्याचा डावा कान बहुधा जास्त बिघडतो, कारण तो नळीच्या तोंडाकडे असतो आणि उजव्या कानाला डोक्याचा थोडा आडोसा मिळतो. सरावानंतर कानात दडे बसणे किंवा शिट्टी वाजल्यासारखे होणे, याला अनेकजण "सवय होईल" म्हणून सोडून देतात. ही सवय नव्हे, इजेची खूण आहे. ते कमी झाले नाही, किंवा एकाएकी ऐकू येणे कमी झाले, तर एक-दोन दिवसांच्या आतच कान-नाक-घसा तज्ज्ञांना गाठावे. उपचाराचा उपयोग व्हायचा तर तो लवकरच होतो.

आता संरक्षणाची निवड. कापसाचा बोळा निरुपयोगी समजावा. त्यातून आवाज जवळजवळ जसाच्या तसा आत जातो. गाणी ऐकण्याचे इअरफोनही संरक्षण नव्हेत. खरी साधने दोन : कानाच्या नळीत बसणारे प्लग आणि कानावर वाटीसारखे बसणारे मफ.

पाकिटावर 'एनआरआर' असा आकडा असतो. आवाज किती कमी होतो, हे तो सांगतो. युरोपीय मालावर 'एसएनआर' लिहिलेले असते. ही दोन मोजमापे वेगळी असल्याने त्यांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नयेत. शिवाय हे आकडे प्रयोगशाळेतले असतात. अमेरिकेतील 'नायॉश' या व्यावसायिक आरोग्य संस्थेचा सल्ला असा की, मफच्या एनआरआरमधून पाव हिस्सा आणि फोमच्या प्लगच्या एनआरआरमधून निम्मा वजा करावा. म्हणजे ३० लिहिलेला प्लग प्रत्यक्षात १५ च धरायचा. दोष प्लगचा नसतो, तो नीट बसविला जात नाही, हे खरे कारण आहे.

बसविण्याची रीत सोपी आहे. हात स्वच्छ धुवावेत. प्लग बोटांत वळून बारीक करावा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर व मागे ओढावा, प्लग आत सरकवावा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवावा. मग दोन्ही तळहात कानांवर दाबून पाहावे. आवाजात फारसा फरक पडला नाही, तर प्लग नीट बसला आहे.

मफ घालायला सोपा, पण चष्म्याची जाड काडी किंवा केस मध्ये आले की फट पडते आणि त्या फटीतून आवाज शिरतो. रायफलच्या दस्त्यावर गाल टेकला की मफ सरकण्याचाही संभव असतो. म्हणून रायफलवाल्याला प्लग किंवा चपटा मफ बरा, पिस्तूलवाल्याला मफ सोयीचा. लहान मुलांना त्यांच्या डोक्याच्या मापाचाच मफ घ्यावा. कान वाहत असेल किंवा पडद्याला छिद्र असेल, तर डॉक्टरांना विचारल्याखेरीज प्लग घालू नये. मोठ्या हत्यारासाठी आणि बंदिस्त रेंजसाठी दोन्ही एकदम वापरावेत. दोन्हींची बेरीज मात्र होत नाही, जास्त आकड्यात साधारण पाच डेसिबलची भर पडते. तीही मोलाची असते.

मायक्रोफोन असलेले महागडे मफ बोलणे ऐकू देतात आणि बार होताच आवाज दाबतात. प्रशिक्षकांना ते उपयोगी आहेत. खेळाडूंनी मात्र लक्षात ठेवावे की, आवाज ग्रहण करणारी साधने आंतरराष्ट्रीय स्पर्धेत त्यांना चालत नाहीत.

एअर रायफलचा आवाज पुष्कळच कमी असतो, हे खरे. पण एअर रायफलवर बिनकाळजीची सवय लागलेले मूल पुढे .२२ हातात घेताना ती सवय बरोबर नेते. कान झाकण्याची शिस्त पहिल्या छर्‍यापासूनच लावावी.

सारांश, सर्वांत चांगले साधन म्हणजे सर्वांत मोठ्या आकड्याचे किंवा सर्वांत महागडे नव्हे. जे आपल्या कानाला नीट बसते आणि रेंजच्या दारातून आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत काढावेसे वाटत नाही, ते चांगले. "एकच राउंड तर आहे" म्हणून उघडा ठेवलेला कान बाकी सर्व दिवसांची काळजी वाया घालवू शकतो.

मात्र हे सारे खेळाडूच्या मर्जीवर सोडणे मला मान्य नाही. चौदा वर्षांच्या मुलाला हत्यार देणाऱ्या संस्थेने त्याच्या कानांची जबाबदारीही घेतली पाहिजे. कान झाकल्याशिवाय काडतूस मिळणार नाही, असा नियम प्रत्येक क्लबात आणि प्रत्येक फायरिंग शिबिरात हवा. तो शिक्षकांना, मदतनिसांना आणि पाहायला आलेल्या धाकट्या भावंडांनाही लागू हवा. प्रवेशाच्या वेळी आणि नंतर दरवर्षी श्रवणतपासणी व्हावी, म्हणजे बिघाड पहिल्या पायरीवरच सापडेल. फोमच्या प्लगची जोडी एक-दोन कप चहाच्या किमतीत येते, त्यामुळे खर्चाची सबब कोणाला सांगता येणार नाही.

पालकांनी क्लबाची फी भरताना एक प्रश्न जरूर विचारावा : "माझ्या मुलाच्या कानांसाठी तुमच्याकडे काय व्यवस्था आहे?" उत्तर समाधानकारक मिळेपर्यंत पावती फाडू नये.