गप्प बसलेली टीम

युद्धातला डॉक्टर म्हटलं की आपल्याला सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला १९३८ साली जे भारतीय वैद्यकीय पथक गेलं त्यात ते होते. १९४२ च्या डिसेंबरमध्ये, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी ते तिथेच वारले. त्यांच्यावरचा शांतारामबापूंचा सिनेमा आपल्या आजी-आजोबांना अजून आठवत असेल.

पण मला आज लिहायचंय ते त्याच युद्धातल्या, त्याच वर्षीच्या, समोरच्या बाजूच्या एका डॉक्टरबद्दल. त्याचं नाव केन युआसा.

मार्च १९४२. चीनमधल्या शान्सी प्रांतातलं जपानी लष्कराचं हॉस्पिटल. युआसा तिथे नुकताच रुजू झालेला, वय २५. आघाडीवरच्या डॉक्टरांना ऑपरेशनचा सराव हवा म्हणून दोन चिनी माणसांना टेबलावर आणलं गेलं. दोघंही धडधाकट! त्यांचं अपेंडिक्स काढलं, हात कापले. दोघंही वाचले नाहीत. वाचावेत असा कुणाचा हेतूच नव्हता. पुढे युआसाने स्वतः सांगितलं की पहिल्या वेळी भीती वाटली, दुसऱ्या वेळी सोपं गेलं आणि तिसऱ्या वेळी तो आपणहून तयार होता.

मला वाटायचं, असं काही केलेल्या माणसाला रात्री झोप येत नसेल. पण इथेच धक्का बसतो. युआसाला झोप येत होती! युद्ध संपलं तरी तो चीनमध्येच राहून डॉक्टरकी करत होता. १९५१ मध्ये चिनी सरकारने त्याला पकडलं आणि 'काय केलंस ते लिही' म्हणून सांगितलं, तेव्हा कुठे त्याने ते सगळं आठवून आठवून लिहिलं. तेही रिपोर्ट लिहावा तसं कोरडं. मग त्याच्या हातात एक पत्र आलं. त्याने मारलेल्या एका माणसाच्या आईचं. टेबलावरच्या त्या 'केस'ला आई होती, हे त्याला तेव्हा कळलं.

१९५६ मध्ये तो जपानला परतला. जुन्या हॉस्पिटलमधले डॉक्टर आणि नर्सेस भेटले. त्यांना खरंच प्रश्न पडला होता की याला युद्धगुन्हेगार का ठरवलं? याने असं काय केलं? म्हणजे ते मुद्दाम लपवत नव्हते. सगळ्यांनी मिळून केलेलं काम होतं, साहेबांचा हुकूम होता, म्हणून ते कुणाच्याच खात्यावर जमा झालं नव्हतं. मला यातलं हेच सगळ्यात भयंकर वाटतं.

कुणी म्हणेल, त्याने कबुली दिली ती तुरुंगात होता म्हणून, त्यात काय मोठेपणा? मुद्दा बरोबर आहे. पण तुरुंग १९५६ ला संपला. त्यानंतर त्याच्यावर कुणाचीच जबरदस्ती नव्हती. उलट 'कशाला उकरतोस' म्हणणारेच होते. तरी तो म्हातारा होईपर्यंत सभांमधून, शाळांमधून सांगत राहिला. २०१० मध्ये ९४ व्या वर्षी तो गेला.

मी कॉन्व्हेंटची. कन्फेशन ही गोष्ट मला लहानपणापासून माहीत आहे. तिथे आपण बोलतो ते फादरच्या कानात, आणि ते तिथेच राहतं. युआसाने जे केलं ते चारचौघांत आणि स्वतःच्या नावानिशी. त्याने मेलेले परत आले नाहीत. त्याला माफी मिळावी असंही माझं म्हणणं नाही. पण मनातल्या मनात वाईट वाटून घेण्याचा दुसऱ्या कुणाला काडीचा उपयोग नसतो. बोललं तर निदान पुढच्याला सावध करता येतं.

आता तुम्ही म्हणाल, हे इंजिनिअरिंगच्या मॅगझिनमध्ये कशाला? कारण उद्या आपण पण टीममध्येच काम करणार आहोत. साईटवर काँक्रीटचा क्यूब २८ दिवसांनी फेल होईल आणि साहेब म्हणतील, "रीडिंग जरा ॲडजस्ट कर, सगळेच करतात." सही आपली असेल. त्या बिल्डिंगमध्ये राहायला येणारं कुटुंब आपल्याला कधीच दिसणार नाही. मी युद्धाची आणि क्यूबची तुलना करत नाहीये, त्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण सवय लागण्याची रीत मात्र तीच. पहिल्यांदा हात थरथरतो, तिसऱ्यांदा थरथरत नाही.

म्हणून माझं मत एवढंच, की हात थरथरतोय तोवरच बोलावं. नंतर बोलायला युआसासारखं कुणाच्या तरी आईचं पत्र यावं लागतं. आणि त्याच्या बाकीच्या टीमला तसं पत्र कधी आलंच नाही.