किल्ली कोणाच्या खिशात?

३ जून २०२० ची दुपार श्रीवर्धन तालुका अद्याप विसरलेला नाही. त्या दिवशी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर येऊन आदळले आणि श्रीवर्धन, दिवेआगर, बोर्ली पंचतन या पट्ट्यातील नारळी-पोफळीच्या बागा त्याने काही तासांत आडव्या केल्या. घरांवरील कौले आणि पत्रे उडाले, विजेचे खांब मोडले, तारा रस्त्यांवर लोळू लागल्या आणि कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. त्या अंधारात परजिल्ह्यांतून आलेले लाइनमन येथल्या खांबांवर चढले. दिवा कधी लागणार, असे सारा गाव खाली उभा राहून विचारीत असला तरी खांबावर चढणाऱ्या माणसाला एक रीत पाळावीच लागते. आधी उपकेंद्रातून परमिट घ्यावयाचे, तार मृत असल्याची उपकरणाने खात्री करून घ्यावयाची, ती अर्थ करावयाची आणि मगच तिला हात लावावयाचा. ही रीत कोणा साहेबाच्या लहरीतून निघालेली नाही. ती ज्यांनी पाळली नाही, किंवा ज्यांना पाळू दिली गेली नाही, त्यांच्या चितांच्या उजेडात ती लिहिली गेली आहे.

आज त्या वादळाची आठवण आम्ही काढतो ती उगाच नव्हे. तोच किनारा आता बांधकामाच्या उंबरठ्यावर उभा आहे. दिवेआगरच्या पुळणीला लागून पर्यटकांची निवासस्थाने वाढत आहेत, बोर्लीची बाजारपेठ पसरत आहे, आणि दिघीच्या नावाने उभ्या राहावयाच्या औद्योगिक नगरीला २८ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातील अन्य ११ नगरींबरोबर मंजुरी दिली आहे. कारखाने, गोदामे, मोठी हॉटेले, रुग्णालये येणार म्हणजे वीज येणार, आणि ती काही घरगुती वायरीतून येणार नाही. मुंबईच्या उंच इमारतींत जी गोष्ट आज घरोघर नसली तरी मजलोमजली झालेली आहे, ती बसबार ट्रंकिंग नावाची गोष्ट आता कोकणात उतरणार आहे. तिच्यापाठोपाठ मुंबईची बेफिकिरीही उतरू नये, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

बसबार ट्रंकिंग म्हणजे काय, हे आमच्या सर्वच वाचकांना ठाऊक असेल असे नाही. जाडजूड केबलींचे भेंडोळे नेण्याऐवजी तांब्याच्या अथवा ॲल्युमिनियमच्या सपाट पट्ट्या आवरणात गुंडाळून धातूच्या लांबट पेटीत बंद करतात. अशा पेटीचे तुकडे साधारणपणे तीन मीटर लांबीचे असतात. ते बोल्टने एकमेकांस जोडीत तळघरातील मुख्य फलकापासून थेट वरच्या मजल्यापर्यंत, किंवा कारखान्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेतात. जेथे वीज हवी तेथे टॅप-ऑफ बॉक्स बसविला की काम झाले. घरातील पंख्याला अर्धा अँपिअरही लागत नाही. मोठ्या बसबारमधून मात्र चार-पाच हजार अँपिअर वाहू शकतात. पद्धत उत्तम आहे, जागा वाचविणारी आहे, आणि नीट बसविली तर केबलींच्या गुंत्यापेक्षा अधिक सुरक्षितही आहे. परंतु सारी मेख त्या ‘नीट बसविली तर’ या तीन शब्दांत आहे.

पहिला प्रश्न पाण्याचा. या किनाऱ्यावर वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि उरलेले आठ महिने खारा वारा लोखंडाला सुखाने जगू देत नाही. अशा हवेत बसबारचे तुकडे ट्रकमधून उतरवून उघड्यावर, फार तर ताडपत्रीखाली, टाकून ठेवण्याचा प्रघात आमच्या बांधकामांवर सर्रास दिसतो. वरच्या स्लॅबला क्युरिंगचे पाणी चालू आहे, भिंतीचा गिलावा ओला आहे, डक्टमधून सिमेंटचे पाणी ठिबकते आहे, आणि त्याच डक्टमध्ये खाली बसबार चढतो आहे! त्या पाण्याचा एक ओघळ पेटीच्या सांध्यात शिरला की आवरणाचा प्रतिरोध ढासळतो. ते त्या दिवशी कोणाला दिसत नाही. ते दिसते पुढे, वीज सोडल्यावर. आणि दिसते तेव्हा स्फोटाच्या रूपाने दिसते. म्हणून डक्ट कोरडा झाल्यावाचून, वरचे छत पाण्याला बंद झाल्यावाचून आणि ओले काम संपल्यावाचून बसबारला हात लावू नये, हा पहिला नियम होय. माल कोरड्या, बंद खोलीत, जमिनीपासून उचलून, टोके झाकून ठेवावा. यासाठी फार मोठा खर्च येत नाही. एक खोली लागते आणि एक जबाबदार माणूस लागतो.

दुसरा प्रश्न जोडाचा. साखळीचे बळ तिच्या सर्वांत दुबळ्या कडीइतकेच असते; बसबारचेही तसेच आहे. जोडाच्या ठिकाणी धूळ राहिली, पट्ट्या सरळ रेषेत आल्या नाहीत, किंवा बोल्ट सैल राहिला, तर तेथे प्रतिरोध वाढतो. प्रवाह दुप्पट झाला की त्या जागची उष्णता चौपट होते, हे शाळेतील विज्ञानाचे पुस्तकही सांगते. सैल जोड महिनोन् महिने तापत राहतो, आवरण करपत जाते, आणि ज्या दिवशी इमारत पूर्ण भरलेली असते, त्या दिवशी तो दगा देतो. बोल्ट किती आवळावयाचा याचे माप उत्पादक लिहून देतो. ते टॉर्क पान्याने पाळावयाचे असते. काही बोल्टांचे वरचे डोके तर योग्य ताण येताच आपोआप तुटून पडावे अशी सोय केलेली असते. तरीही ‘हाताला कळते’ असे म्हणणारा मिस्त्री आणि त्याच्यावर मान डोलावणारा पर्यवेक्षक आमच्या बांधकामांवर भेटतोच. हाताला कळत नाही! हाताला कळले असते तर तो पाना कोणी घडविलाच नसता.

जोडाची परीक्षा मेगरने होते. प्रत्येक तुकडा बसविण्यापूर्वी तपासावा, प्रत्येक जोडानंतर पुन्हा तपासावा आणि आकडा तारखेसह वहीत लिहावा. तुकडे वाढत जातील तसा हा आकडा थोडाथोडा उतरणारच. परंतु तो एकाएकी कोसळला तर दोष नुकत्याच लावलेल्या तुकड्यात आहे, हे तेथल्या तेथे कळते. सगळी ओळ चढवून झाल्यावर शेवटी एकदाच मेगर लावणारा ठेकेदार तीस जोडांतून एक वाईट जोड शोधीत बसतो, आणि मुदत भरत आली असेल तर शोधीतही नाही. मेगरची परीक्षा झाल्यावर पट्ट्यांत साठलेला विद्युतभार अर्थ करून काढून टाकावा लागतो, एवढी साधी गोष्टही नवख्या मुलांना कोणी सांगत नाही.

यापुढचा प्रश्न सर्वांत गंभीर आहे, आणि आमच्या आजच्या लेखाचे शीर्षक त्यातूनच आले आहे. इमारत एकदम पुरी होत नाही. खालचे मजले आधी तयार होतात, मालकाला ते लवकर वापरावयाचे असतात, म्हणून खालच्या बसबारमध्ये वीज सोडली जाते आणि वर माणसे काम करीतच असतात. अशा वेळी मुख्य स्विच बंद करून ‘अरे, चालू करू नकोस रे’ असे ओरडून सांगणे याला आम्ही सुरक्षा म्हणत नाही. शिवाय मोठ्या इमारतीत वीज एकाच वाटेने येत नाही. एका बाजूने महावितरणचा पुरवठा आणि दुसऱ्या बाजूने जनरेटर! पुरवठा गेला म्हणून कोणी जनरेटर सुरू केला की जी पट्टी मृत समजून माणसाने हातात धरली आहे, तीच उलट्या बाजूने जिवंत होते. म्हणून वीज येण्याची प्रत्येक वाट बंद झाली पाहिजे, तिच्यावर कुलूप पडले पाहिजे, फलक लागला पाहिजे, आणि त्या कुलपाची किल्ली जो वर काम करतो आहे त्याच्याच खिशात असली पाहिजे. पाच माणसे कामावर असतील तर पाच कुलुपे असावीत, आणि पाचवा माणूस सुखरूप खाली उतरून आपले कुलूप काढीपर्यंत इंजिनियरलाच काय, मालकालाही वीज सोडता येऊ नये. किल्ली साइट ऑफिसातील खिळ्याला टांगलेली असेल तर तो माणूस स्वतःच त्या खिळ्याला टांगलेला आहे, असे समजावे.

मोठ्या बसबारचा एकेक तुकडा शंभर किलोंच्याही वर भरतो. तो खांद्यावर घेऊन परांचीवरून नेणे, किंवा उघड्या डक्टच्या तोंडाशी फळकुट टाकून त्यावर उभे राहून ओढणे, हे धाडस नव्हे, हा आत्मघात होय. चेनपुली, पट्टे, डक्टच्या तोंडावर झाकण आणि कमरेला बांधलेला दोर यांवाचून हे काम होऊ नये. काम संपल्यावर स्लॅबमधील भोक आगरोधक द्रव्याने बुजविले पाहिजे. तसे न बुजविलेला डक्ट म्हणजे इमारतीच्या पोटात बांधलेले धुराडे. परळच्या क्रिस्टल टॉवरमध्ये २२ ऑगस्ट २०१८ रोजी बाराव्या मजल्यावर आग लागली, धूर वर चढला, आणि चार जणांचे प्राण गेले. उंच इमारतीत धुराला वाट मिळाली म्हणजे काय होते, हे मुंबईने त्या दिवशी पाहिले आहे.

यावर कोणी म्हणेल की, यासाठी कायदे आहेत, निरीक्षक आहेत. आहेतच! विजेचा कायदा १९१० साली होता, नियम १९५६ साली आले, नवा कायदा २००३ साली झाला, केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा विनियम २०१० साली निघाले आणि २०२३ साली ते नव्याने केले गेले. परवानाधारक ठेकेदारावाचून आणि सक्षम पर्यवेक्षकावाचून विद्युत मांडणीचे काम होऊ नये, असे हे विनियम स्पष्ट सांगतात. बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली संसदेने स्वतंत्र कायदा केला आणि २०२० साली सुरक्षेची नवी संहिता संमत केली. कागदाची उणीव आम्हाला कधीच नव्हती. तरीही राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांप्रमाणे २०२१ आणि २०२२ या दोन्ही वर्षी देशात विजेच्या धक्क्याने १२ हजारांहून अधिक माणसे मेली. निरीक्षक कितीही प्रामाणिक असला तरी तो येतो काम संपल्यावर. तोवर पेटीची झाकणे बंद झालेली असतात आणि आतला जोड त्याला दिसत नाही. काम चालू असताना लिहिलेली वही हाच त्याचा डोळा. आणि ती वही एका रात्रीत एकाच शाईने भरलेली असेल तर त्या डोळ्यावर पट्टीच बांधलेली असते.

या सगळ्याला वेळ लागतो आणि पैसा लागतो, हा युक्तिवाद आम्ही पुष्कळ वेळा ऐकला आहे. तो खोटा आहे असे आम्ही म्हणत नाही. डक्ट कोरडा होईपर्यंत थांबावयाचे म्हणजे दिवस जातात, आणि बांधकामावर प्रत्येक दिवसाला व्याज आहे. परंतु भिजलेला बसबार उतरवून नवा चढविण्यास त्याच्या कैक पट दिवस जातात, हा हिशेब ठेकेदाराला शिकविण्याची गरज नाही. खरी अडचण दुसरीच आहे. उद्घाटनाची तारीख मंत्र्यांच्या सोयीने ठरते, पत्रिका छापल्या जातात, आणि मग विजेनेही त्या तारखेला अनुकूल वागावे अशी अपेक्षा केली जाते. विजेला पत्रिका वाचता येत नाही.

रायगड जिल्ह्याने निष्काळजी बांधकामाची किंमत मोजलेली आहे. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडला पाच मजली इमारत कोसळली आणि १६ माणसे गेली. त्यानंतर चौकश्यांची भाषा झाली. ती नेहमीच नंतर होते. बैल गेला आणि झोपा केला, ही आमची जुनी रीत या किनाऱ्यापुरती तरी मोडावी असे आम्हास वाटते. येथे अजून बैल गोठ्यात आहे.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. या जिल्ह्यात ज्या बांधकामावर बसबार बसणार असेल तेथे मेगरच्या आणि टॉर्कच्या नोंदींची वही पहिल्या तुकड्यापासून ठेवली जावी, आणि विद्युत निरीक्षकाने ती वही पाहिल्यावाचून वीज सोडू नये. डक्ट कोरडा असल्याची सही स्थापत्य इंजिनियरने करावी, म्हणजे पुढे विद्युत ठेकेदाराच्या आणि त्याच्या भांडणात कामगाराचा बळी जाणार नाही. तात्पुरत्या जोडणीवर तीस मिलिअँपिअरला तुटणारे संरक्षक यंत्र बसलेले असावे. आणि श्रीवर्धन, म्हसळा, माणगाव येथील जी मुले आयटीआयमधून वायरमन होऊन मुंबईत आणि आखातात कामाला जातात, त्यांना बसबारचे, कुलपाचे आणि परमिटचे प्रत्यक्ष शिक्षण जिल्ह्यातच मिळावे. उद्याचे कारखाने याच मुलांच्या हातांनी उजळणार आहेत.

बोर्ली पंचतनच्या एखाद्या घरात संध्याकाळी आई दिवा लावते आणि शहरातल्या बांधकामावर गेलेल्या मुलाच्या फोनची वाट पाहते. तिला बसबार ठाऊक नाही, अँपिअर ठाऊक नाही. तिचा मुलगा वर असताना खालचे कुलूप कोणी उघडू शकणार नाही, एवढे आश्वासन तिला देता आले पाहिजे. ते ज्याला देता येत नसेल, त्याने त्या इमारतीची फीत कापण्यासाठी कात्री हातात घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.