तो, ती आणि 'अदु'

जपानमध्ये १९८७ पासून 'जेट' योजनेतून परदेशी तरुण शाळांत इंग्रजी शिकवायला जातात. त्यांना जपानी यायलाच हवे अशी अट नसते. वर्गात जोडीला जपानी शिक्षक असतो. आपल्या बेळगाव-निपाणी भागात मुलांच्या दोन्ही भाषा बोलणाऱ्या बाई भेटतात. हे भांडवल लहान नाही.

पहिलीतला मुलगा पाहा. मराठीत खुर्ची 'ती', पंखा 'तो'. त्यामुळे इंग्रजीतल्या 'इट'पाशी तो अडखळतो. कन्नडमध्ये मात्र दोन्ही 'अदु'च. बाईंनी तेवढी आठवण दिली की गाठ सुटते. इंग्रजीतली लेखणी आणि वेदना, मराठीत आपण दोन्ही 'पेन'च लिहितो. कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ 'ए' वेगळे, म्हणून तिथे कान तयार असतो. उलट कन्नड लिपीत 'ब्याट' होणारी 'बॅट' मराठीमुळे नीट उच्चारता येते.

तरीही इंग्रजी पक्के व्हावे म्हणून काही घरांत मुलांना घरची भाषा बोलायलाच बंदी असते. पालकहो, असे करू नका. शाळेतून आल्यावर आईशी मराठीत, आज्जीशी कन्नडमध्ये त्याला पोटभर बोलू द्या. दुसऱ्या दिवशीचा इंग्रजीचा धडा त्याला त्यामुळेच सोपा जाईल.