मोडक्या वस्तूंचा कैवार

मोडकी वस्तु घरांत ठेवूं नये, असें आमची आजी नेहमीं सांगते. ही आज्ञा दोन प्रकारांनीं पाळतां येते: वस्तु टाकून देऊन, अथवा ती दुरुस्त करून. हल्लीं पहिलाच प्रकार सर्वत्र रूढ झालेला दिसतो. तो सोयीचा असला तरी शहाणपणाचा नाहीं, असें माझें मत आहे. व तें बनण्यास जो लहानसा प्रसंग कारण झाला, तो वाचकांस सांगतों.

गेल्या वर्षीं पुण्याच्या जुन्या बाजारांतून मीं एक होम थिएटर विकत आणलें. पांच लहान स्पीकर व खर्जाच्या आवाजासाठीं एक मोठा, असा हा सहा जणांचा परिवार असतो. चित्रपटांतील आवाज समोरून, बाजूंनीं व पाठीमागून यावा, अशी त्याची योजना. घरीं आणून विजेस जोडतांच मोठ्या स्पीकरांतून भुंग्यासारखी अखंड घूंघूं ऐकूं येऊं लागली. लहानांपैकीं एक अगदींच मुका निघाला. मोठ्याच्या शंकूभोंवतालची फोमची कड तर बोट लावतांच भुगा होऊन गळाली! घरच्या मंडळींनीं माझ्या व्यवहारज्ञानाचें जें कौतुक केलें, तें येथें देत नाहीं.

कंपनीच्या दुरुस्तीकेंद्रांतील गृहस्थांनीं पेटी न उघडतांच, ‘याचे भाग आतां मिळत नाहींत, नवें घ्या,’ असें सांगितलें. रोग्याची नाडी न पाहतां आप्तांना लाकडें आणावयास सांगणाऱ्या वैद्याची मला आठवण झाली.

अखेर तापकीर गल्लींतील एका वृद्ध कारागिराकडे गेलों. त्यांनीं आधीं घूंघूं नीट ऐकली व मग झाकण काढून डोकें फुगलेला एक कंडेन्सर दाखविला. घरांतील वीज सेकंदास ५० आवर्तनें करते. ती एकाच दिशेनें वाहूं लागल्यावरही तींत सेकंदास १०० हेलकावे उरतात, व ते शांत करणें हें कंडेन्सरचें काम. त्यांतील द्रव वयोमानानें सुकला, कीं हेलकावे आवाजांत शिरतात. नव्या कंडेन्सरची किंमत दोन-चार कप चहाहून अधिक नव्हती. मुक्या स्पीकरच्या टोकांस त्यांनीं दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर टेकविला. खर्र असा आवाज होऊन शंकू हलला. स्पीकर जिवंत होता, तुटली होती ती तार! फोमची कड मात्र दमट हवेनें कालांतरानें कुजतेच. तिच्या जागीं नवी चिकटविली. (हें वाचून कोणी विद्यार्थ्यानें एकट्यानें पेटी उघडूं नये, वीज बंद केल्यावरही कंडेन्सरांत कांहीं काळ भार राहतो व तो जबर झटका देतो.)

पूर्वीं कित्येक रेडिओंच्या पेटींत आंतील जोडणीचा नकाशा चिकटविलेला असे. विकत घेणारा तो पेटीचा धनी, हें त्यांत गृहीत होतें. आज नकाशा गुप्त, स्क्रू विचित्र, आणि भाग दुर्मिळ. फ्रान्सनें २०२१ पासून कांहीं यंत्रांवर दुरुस्तीच्या सुलभतेचे दहापैकीं गुण छापणें बंधनकारक केलें. आपल्या सरकारनेंही २०२२ सालीं ‘राइट टु रिपेअर’ नांवाचें पोर्टल सुरू केलें. हें योग्यच झालें. पण नकाशा मिळाला तरी तो वाचणार कोण? ओहमचा नियम परीक्षेंत बिनचूक लिहिणाऱ्या आम्हां मंडळींना तुटलेली तार शोधतां येत नाहीं. महिन्यांतून एका शनिवारीं मुलांनीं घरची एक मोडकी वस्तु शाळेंत आणावी व शिक्षकांच्या देखरेखीखालीं ती उघडून पाहावी. निम्म्या वस्तु सुधारल्या नाहींत तरी माझी हरकत नाहीं.

माझीही पुरती सुधारली नाहीं. एक चिप निकामी झाल्यामुळें तिचें डिजिटल तारेचें तोंड बंदच राहिलें. हें आपल्या हातचें नव्हे, असें कारागिरांनीं स्वच्छ सांगितलें, व त्याचे पैसे घेतले नाहींत. जुन्या पद्धतीच्या तारांनीं आमचें काम भागतें. आजी रोज सायंकाळीं त्यावर नाट्यगीतें ऐकते, आणि मागच्या डाव्या स्पीकरचा आवाज किंचित् कमी येतो, अशी तक्रार करते.